खेळाचा तास कुणाचा?

जयपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये जागेची तक्रार करायला वाव नाही. राज्यपाल, मुख्यमंत्री, मंत्री यांची निवासस्थानं इथलीच, आवारं प्रशस्त. जुन्या शहराच्या परकोट्याच्या, म्हणजे तटबंदीच्या, आतल्या दाट वस्तीत संक्रांतीला प्रत्येक गच्ची पतंगांसाठी भरते, आणि सितोलिया, म्हणजे आपली लगोरी, अरुंद गल्लीतही मांडता येते. मुलांच्या खेळाचा प्रश्न नुसत्या चौरस फुटांचा असता, तर सिव्हिल लाइन्ससारख्या भागात तो उरलाच नसता.

लगोरीला सात ठिकऱ्या पुरतात, पण गट दोन लागतात. खेळाला जागेआधी सवंगडी हवेत आणि सवंगड्यांना एकाच वेळी मोकळीक हवी. नेमकी तीच आपण काढून घेतली. मे महिन्यात जयपूरचा पारा पंचेचाळिशीला टेकतो. खेळण्याजोगी उरते ती सकाळ आणि तिन्हीसांज. सकाळ शाळेची किंवा शिबिराची, तिन्हीसांज क्लासची. उरलेल्या फटीत मोबाइल शिरतो, कारण त्याला ना ऊन लागतं, ना गडी.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते 5 ते 17 वयाच्या मुलांना रोज सरासरी 60 मिनिटं दम लागेल अशी हालचाल हवी. 2016 च्या आकडेवारीत जगातली 11 ते 17 वयाची दर पाचांतली चार मुलं तेवढी हालचाल करत नव्हती. एवढी मुलं एकदमच आळशी निपजली म्हणायची का?

तरी वजन वाढलं की बोलणी मुलालाच. ‘‘किती सुटलायस रे!’’ म्हणत पाहुणे हसतात, वर्गात टोपणनाव पडतं. वजनामागे आनुवंशिकता असते, झोप असते, ताटातलं अन्न असतं. त्यातलं दहा वर्षांच्या पोराच्या हाती किती? वेळापत्रक आपण आखतो, डब्यात पाकीटबंद खाऊ आपण भरतो, जेवताना कटकट नको म्हणून मोबाइलही आपणच देतो. आपल्या सोयीचे परिणाम त्याच्या अंगावर दिसले की त्यालाच लाजवायचं, हा सरळ अन्याय आहे. शिवाय लाजलेलं मूल मैदानापासून आणखी लांब पळतं.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेला मैदान आवश्यक ठरवलं. मैदान हक्काचं असेल, तर तिथे जायचा वेळही हक्काचाच. तो गुण पाहून द्यायचा नाही, शिक्षा म्हणून कापायचा नाही. एकट्या घराने क्लास बदलून हे साधणार नाही. शेजारच्या चार घरांनी मिळून संध्याकाळचा एकच तास मोकळा ठेवावा. ‘‘ऊठ, खेळायला जा’’ असं मुलाला सांगण्याचा अधिकार त्यानंतरच आपल्याला येतो.