गरिबानें आपल्या शरीराची चिंता वाहावी काय?

“आम्हां गरिबांस कसलें पथ्य आणि कसला व्यायाम? पोट भरलें म्हणजे झालें,” हें वाक्य आमच्या खेड्यांतून वारंवार ऐकूं येतें. वरवर पाहतां तें नम्रतेचें दिसतें. परंतु त्याच्या आड दोन समजुती दडलेल्या आहेत. पहिली ही कीं, शरीर सुदृढ राखण्यास पुष्कळ पैसा लागतो. दुसरी ही कीं, स्वतःच्या शरीराची काळजी वाहणें हें एक प्रकारचें स्वार्थीपण आहे. या दोन्ही समजुती कितपत खऱ्या आहेत, याचा येथें विचार करूं.

पहिलीविषयीं फार वाद नको. ज्वारीची भाकरी, तुरीचें वरण किंवा मटकीची उसळ, शेंगदाण्याची अथवा जवसाची चटणी, एखादी पालेभाजी आणि वाटीभर ताक, हें आमच्या आजोळचें जेवण आजच्या शास्त्राच्या कसोटीसहि उतरतें. ज्वारीच्या प्रथिनांत लायसीन नांवाचें एक आवश्यक द्रव्य कमी असतें, तें डाळींत पुष्कळ असतें. आणि डाळींत जें उणें असतें तें धान्यांत सांपडतें. म्हणून भाकरी व डाळ एका ताटांत आलीं म्हणजे एकमेकांची उणीव भरून काढितात. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारें २५ ग्रॅम प्रथिनें असतात. पावसाळ्यांत बांधावर उगवणारी घोळ, कुरडू व तांदुळजा यांस तर दामहि पडत नाहीं. भाजीवर लिंबू पिळलें तर तिच्यांतील लोह अंगीं अधिक लागतें. जेवणाबरोबर चहा घेतला तर तेंच लोह बरेंचसें वायां जातें. संयुक्त राष्ट्रांनीं २०२३ हें वर्ष भरडधान्यांचें वर्ष म्हणून पाळलें. पण ज्या घरीं बाजरीची भाकरी आहे तेथें पाहुण्यांपुढें ती ठेवण्याची लाज वाटते, आणि बाजाराच्या दिवशीं मुलांसाठीं मैद्याच्या व साखरेच्या बिस्किटांचे पुडे येतात. तो पुडा आणणाऱ्या बापाच्या मनांत प्रेमच असतें, हें आम्ही जाणतों. परंतु त्याच पैशांत दोन अंडीं किंवा मूठभर फुटाणे आले असते, हेंहि खरें आहे. कोंड्याचा मांडा करण्याची कला आमच्या आयांस अवगत होती. ती विसरणें ही मोठी हानि होय.

व्यायामाचेंहि तसेंच. दिवसभर खुरपणी करणाऱ्या बाईस व्यायाम नको, विसावा हवा. पण जो दुकानांत किंवा गाडीच्या चाकामागें बसून पोट भरतो, त्यानें आठवड्यांतून निदान १५० मिनिटें झपझप चालावें, असें जागतिक आरोग्य संघटनेचें सांगणें आहे. चालण्यास पैसा पडत नाहीं.

आतां दुसरी समजूत. खरा प्रश्न येथेंच आहे. घरांतील आई सर्वांस वाढून मग जें उरेल तें खाते, आणि आपण त्यास त्याग म्हणून तिची स्तुति करितों. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकीं शेंकडा ५७ स्त्रियांच्या अंगीं रक्त कमी आढळलें. या आंकड्यास कारणें अनेक आहेत, परंतु तळाशीं गेलेलें वरण हें त्यांपैकीं एक आहे यांत आम्हांस संशय नाहीं. त्याग तो कीं जो मनुष्य आपण होऊन करितो. जिला कोणी कधीं विचारलेंच नाहीं, जिच्या वांट्याची डाळ दुसऱ्यांनीं न पाहतां संपविली, तिचा तो त्याग नव्हे. तें तिच्याकडून घेतलेलें आहे. ज्यानें घेतलें त्यानेंच त्याची स्तुति गावी, हें कोणत्या नीतींत बसतें?

शिवाय शरीर एकट्याचें कोठें असतें? मजुराच्या घरीं एक माणूस अंथरुणास खिळलें कीं मजुरी बुडते, कर्ज होतें, आणि पुष्कळदां मुलीची शाळा सुटते. अशक्त मातेचें मूलहि अशक्त जन्मण्याचा धोका अधिक असतो. तेव्हां देहाची निगा राखणें हें स्वार्थीपण नसून, जे आपल्यावर अवलंबून आहेत त्यांचें देणें फेडणें आहे.

येथें कोणी म्हणेल, “मग आजारी पडणें हा गरिबाचाच दोष ठरला!” तसें मुळींच नाहीं. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यान्वयें सामान्यतः माणशीं महिन्यास पांच किलो धान्य मिळतें, व जानेवारी २०२३ पासून तें फुकट आहे. ही थोडी गोष्ट नव्हे. परंतु धान्यानें भूक भागते. डाळ, दूध व भाजी यांची सोय मजुरींतूनच करावी लागते. मजुरी जर तितकी पुरत नसेल, तर दोष मजुरी ठरविणाऱ्यांचा आहे. ज्याचें पोट भरलेलें आहे त्यानें उपाशी माणसास काटकसरीचा उपदेश करणें सोपें असतें, आणि ज्यांचें कामच उपदेश करण्याचें त्या आम्हांस हें नित्य स्मरणांत ठेविलें पाहिजे. जो मजूर लावितो त्यानें पुरती मजुरी द्यावी. नंतरच त्यास भाकरीचे गुण सांगावे.

पण जें आपल्या हातीं आहे तें दुसऱ्याच्या अन्यायाकडे बोट दाखवून टाळतां येत नाहीं. बिस्किटाच्या पुड्याऐवजीं फुटाणे आणणें आपल्या हातीं आहे. सर्वांनीं एका वेळीं, एका पंगतीस बसणें, आणि वाढण्यापूर्वीं वाढणारणीचें ताट बाजूस काढून ठेवणें, हेंहि आपल्या हातीं आहे. यास एक पैसाहि लागत नाहीं. वाचकहो, आज रात्रीं भांड्यांत हात घालण्यापूर्वीं इतकेंच विचारा: घरांत अजून कोण जेवावयाचें राहिलें आहे?