बाळापूरला गाडी बाजूला घ्या

सुरतेजवळच्या हजिऱ्याहून निघणारा राष्ट्रीय महामार्ग ५३ ओडिशातल्या पारादीपला संपतो. एका टोकाला अरबी समुद्र, दुसऱ्याला बंगालचा उपसागर. अमेरिकेत असं एका समुद्रापासून दुसऱ्यापर्यंत गाडीने जाण्याची मोठी हौस. तिथं गेलेली आपली मुलंही ती करतात आणि प्रत्येक थांब्याचा फोटो घरी पाठवतात. वऱ्हाडातून जाणारा हा रस्ता त्याच जातीचा. आज आपल्याला तो अख्खा पार करायचा नाही. बसल्या जागेवरून फक्त बाळापूरला थांबायचं आहे. सावकाश वाचा. मध्ये कुठं रेंगाळावंसं वाटलं तर रेंगाळा.

आधी स्वतःचे फोटो आठवा. नांदुऱ्याचा १०५ फुटी हनुमान, तुम्ही मान मागे टाकून काढलेला. शेगावच्या कचोऱ्या, गाडीच्या सीटवर कागदासकट. खामगावच्या चांदीच्या दुकानातलं एखादं निरांजन. मूर्तिजापूरला शकुंतला रेल्वेचे अरुंद रूळ. यातला एकच फोटो मनात धरा. तिथं तुम्ही किती वेळ होता? चहा संपेपर्यंत? त्यात वाईट काहीच नाही. फक्त हे पाहा, की त्या चौकटीतलं गाव तुम्ही निघाल्यावरही तिथंच होतं, आपल्या कामात.

आता वेगाकडे या. जून २०२२ मध्ये याच महामार्गावर, अमरावती ते अकोला या टप्प्यात, ७५ किलोमीटरचा डांबरी थर सलग १०५ तास ३३ मिनिटांत अंथरला गेला. गिनीज बुकात त्याची नोंद झाली. रात्रंदिवस पाळ्या लावून माणसं भर उन्हाळ्यात राबली. हा हिशेब मनातल्या मनात करून पाहा: तासाला जेमतेम सातशे मीटर. म्हणजे जगातला तो विक्रमी वेग आपल्या रमतगमत चालण्यापेक्षाही कमी होता. ताशी शंभरने आपण ज्यावरून जातो, तो रस्ता पुढं सरकला तो असा. पुढच्या वेळी गाडी न हादरता पळेल, तेव्हा हा आकडा आठवा आणि पाय जरा सैल करा.

याच मुलखातून आणखी एक प्रवास दरवर्षी होतो. गजानन महाराजांची पालखी शेगावहून पंढरपूरला निघते, पारस, गायगाव करत अकोल्याला येते, मग वाडेगाव, पातूर. तिचे मुक्काम आधीच ठरलेले असतात, आणि त्या गावांनाही ते ठाऊक असतात. कुणाच्या अंगणात पंगत, कुठल्या शाळेत रात्र, सगळं नेमलेलं. इथं थांबणं हा चालण्यातलाच भाग आहे. स्वतःला विचारा: माझ्या प्रवासात असं एखादं ठिकाण आहे का, जिथं माझी वाट पाहिली जाते? उत्तर लगेच द्यायचं नाही.

आता बाळापूर. गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं असं समजा. मन आणि म्हैस या दोन नद्या इथं एकत्र येतात. त्यांच्यामधल्या उंचवट्यावर किल्ला आहे. औरंगजेबाचा मुलगा आझमशहा याने तो सुरू केला आणि एलिचपूरच्या नबाबाने, इस्माईलखानाने, १७५७ मध्ये पुरा केला. आझमशहा १७०७ मध्येच मारला गेला होता. ज्याने पाया घातला त्याला तट पुरा झालेला दिसला नाही. नजर त्या तटावरून हळू फिरवा, घाई न करता.

मग नदीकाठच्या काळ्या दगडी छत्रीकडे वळा. ही मिर्झाराजे जयसिंगांच्या नावाने ओळखली जाते. पुरंदरच्या १६६५ च्या तहातले तेच जयसिंग. विजापूरची मोहीम फसली, बादशहाने परत बोलावलं, आणि उत्तरेकडे जाताना १६६७ मध्ये बुऱ्हाणपूरला त्यांचा मृत्यू झाला. तिथंही तापीकाठी त्यांची एक छत्री आहे. ज्याला परत पोचायचं होतं, त्याच्या नावाच्या खुणा वाटेवरच राहिल्या.

आता खालच्या पाण्याकडे पाहा. बाळापूरचं हे पाणी उत्तरेला पूर्णेत जातं. बुऱ्हाणपूरवरून आलेली तापी आणि पूर्णा चांगदेवला भेटतात. तिथून पुढं पश्चिमेला, सुरतेवरून समुद्रात. हजिरा तिथंच आहे, तापीच्या मुखाजवळ. म्हणजे ज्या रस्त्यावरून तुम्ही आलात त्याचं टोकही तिथंच. तुम्ही थांबलात, पण पाणी तुमच्याच वाटेने मागे निघालं आहे. हे गाडी चालू असताना दिसत नाही. थांबलेल्यालाच कळतं की आपल्याशिवाय इथं किती काय प्रवासात आहे.

आणि पायाखालचं पाणी? पूर्णेच्या खोऱ्यातला हा खारपाणपट्टा. उत्तरेकडच्या कित्येक गावांत विहीर खोदली तर खारं पाणी लागतं. गाडीत बाटली भरलेली आहे. तिचा एक घोट घ्या आणि तो तोंडात क्षणभर ठेवा. इथल्या बाईसाठी गोड पाणी म्हणजे रोजची एक वेगळी खेप असू शकते.

तुम्ही निघाल तेव्हा फोटो जरूर काढा. पण आधी चहा ओतणाऱ्या माणसाला एक प्रश्न विचारा: भाऊ, इथलं पाणी कुठून येते अन् कुठं जाते? तो जे सांगेल ते ऐकेपर्यंत मोबाइल खिशातच राहू द्या. गावाची ओळख व्हायला एवढा वेळ पुरतो, आणि पारादीप तेवढ्याने दूर जात नाही.