दिलेलं की घेतलेलं?

पाच अणुव्रतांपैकी तिसरं आपल्याला सगळ्यांत सोपं वाटतं. अहिंसा म्हटली की चुलीपाशी, पाण्यापाशी, धान्य निवडताना दहा शंका उभ्या राहतात. सत्याचं तर विचारूच नका. पण चोरी? आपण बायका कुणाची चोरी करायला जातो? पाठशाळेत अचौर्य आलं की मुलंसुद्धा पटकन पान उलटतात.

शास्त्रात या पापाला जो शब्द आहे तो मात्र चोरीपेक्षा पुष्कळ रुंद आहे. अदत्तादान. अदत्त म्हणजे न दिलेलं, आदान म्हणजे घेणं. कुलूप फोडलं का, अंधारात गेलात का, वस्तू किती मोलाची होती, हे तिथे विचारलेलंच नाही. प्रश्न एकच : ज्याची वस्तू होती, त्याने ती दिली होती का?

हा प्रश्न मी अलीकडे एका निराळ्याच ठिकाणी लावून पाहते. आपल्या बेळगाव भागात वैद्यकीय कॉलेजं आहेत, मोठे दवाखाने आहेत. त्यांच्याकडून कुणी ना कुणी घरी येतं. हातात फॉर्म असतो, नाहीतर टॅब असतो. गरोदर सुनेचं वजन, रक्ताचे थेंब, पाळीच्या तारखा, घरात किती माणसं, मिळकत किती, नवरा पितो का, मारतो का. आपण सांगतो, ते लिहून घेतात, सही घेतात आणि जातात. या देण्याघेण्याला काय म्हणायचं? दान, की अदत्तादान?

आधी चांगली बाजू सांगते, कारण ती आपल्याच जिल्ह्यातली आहे आणि पुष्कळ जणींना ठाऊक नाही. २००२ ते २००५ या काळात बेळगाव जिल्ह्यातल्या चार प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या हद्दीत एक प्रयोग झाला. बाळंतपणानंतर अंगावरून फार जाऊन बायका दगावतात, हे आपल्या आज्यांनाही माहीत होतं. त्यावर मोठ्या दवाखान्यात इंजेक्शन असतं. पण ते थंड जागी ठेवावं लागतं, टोचणारा हात लागतो. खेड्यात, घरी किंवा उपकेंद्रात, एका नर्सबाईच्या भरवशावर होणाऱ्या बाळंतपणाचं काय? मिसोप्रोस्टॉल नावाची गोळी फ्रीजशिवाय राहते, तोंडाने घेता येते. ती उपयोगी पडेल का, हे पाहायचं होतं. १,६२० बायका त्यात सहभागी झाल्या. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना दिसायला हुबेहूब तशीच पण औषध नसलेली. कुणाला कोणती, हे नर्सबाईंनाही ठाऊक नव्हतं.

रक्त किती गेलं ते नजरेने ठरवायचं नाही, असंही ठरलं होतं. बाईच्या खाली एक प्लॅस्टिकची चादर, तिला खाली मापाच्या खुणा असलेली पिशवी. डोळ्यांचा अंदाज खऱ्या मापापेक्षा पुष्कळ कमी भरतो, हे त्या पिशवीनेच दाखवलं. निकाल २००६ साली प्रसिद्ध झाला. औषध नसलेल्या गोळीच्या गटात १२ टक्के बायकांचं अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त गेलं, खऱ्या गोळीच्या गटात ६.४ टक्के बायकांचं. म्हणजे दर अठरा जणींना गोळी दिली की एकीचा मोठा रक्तस्राव टळतो. पुढे २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या कामासाठी ही गोळी आवश्यक औषधांच्या यादीत घेतली. तशाच मापाच्या चादरीवर आधारलेली पद्धत आफ्रिकेतल्या चार देशांत वापरून पाहिली, आणि २०२३ मध्ये तिचा मोठा गुण जगाने वाचला.

आता जैन मनाला इथे एक काटा टोचतो. अचौर्य व्रताचे जे पाच अतिचार सांगितलेत, त्यांत एक आहे प्रतिरूपक व्यवहार : खऱ्यासारखी दिसणारी खोटी वस्तू देणं. तुपात चरबी, सोन्यात पितळ. मग औषध नसलेली गोळी औषधासारखी करून देणं हा प्रतिरूपक व्यवहार नाही का?

मी यावर पुष्कळ विचार केला. माझं उत्तर असं आहे : सोनार पितळ देताना 'हे सोनंच आहे' म्हणतो, म्हणून ते पाप. पण घेणाऱ्याला आधीच सांगितलं की 'या दोन पुड्यांत एक सोन्याची आहे, एक पितळेची. तुझ्या वाट्याला कोणती येईल ते मलाही माहीत नाही. आणि सोनं तरी उपयोगी आहे का, तेच आपण पाहतो आहोत', आणि तिने समजून हो म्हटलं, तर तिथे फसवणूक उरत नाही. तिथे दान सुरू होतं. आहार, औषध, शास्त्र आणि अभय ही चार दानं आपण मानतो. न कळलेली गोष्ट कळावी म्हणून स्वतःचं शरीर काही काळ पुढे करणं, यात औषधदान आहे आणि शास्त्रदानही आहे. तेही जिला आपण कधी पाहणार नाही, अशा बाईसाठी. मात्र सगळा भार एका शब्दावर आहे : समजून.

सगळीकडे उत्तर इतकं सरळ येत नाही. १९९९ साली तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात गर्भाशयाच्या तोंडाच्या कर्करोगावर एक फार मोठा अभ्यास सुरू झाला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका, गावांचे ५२ समूह, चार गट. तीन गटांना तीन निरनिराळ्या तपासण्या. चौथ्या गटाला तपासणी नाही. आजाराची माहिती दिली, तपासणी कुठे होते ते सांगितलं, एवढंच. आठ वर्षं नोंदी ठेवल्या. विषाणूची तपासणी झालेल्या गटात ३४,१२६ बायकांपैकी ३४ जणी या कर्करोगाने गेल्या. तपासणी न झालेल्या गटात ३१,४८८ पैकी ६४.

या आकड्यांनी पुढे जगभरच्या बायकांची तपासणी कशी करावी हे ठरायला मदत झाली. अभ्यास करणाऱ्यांचं म्हणणं होतं की त्या भागात तशीही कुणाची तपासणी होत नव्हती. आणि खेड्यात, एकदाच केलेल्या तपासणीने जीव वाचतात का, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आक्षेप घेणारे म्हणाले, श्रीमंत देशांत तपासणीने हा रोग कमी झाल्याचं कित्येक वर्षं माहीत होतं. मग एका गटाला नुसतं मोजत का बसलात?

अनेकांत शिकलेल्या माणसाला दोन्ही बाजू दिसतात, आणि तिथेच थांबायचा मोह होतो. पण दोन बाजू पाहणं म्हणजे न्याय टाळणं नव्हे. मला 'तशीही होत नव्हती' हे उत्तर पुरेसं वाटत नाही. शेजारीण तशीही उपाशीच असते, म्हणून माझ्या डब्यातलं अन्न झाकून तिची उपासमार मोजायचा हक्क मला मिळत नाही. तुलना हवी असेल तर निदान 'त्या गावांत तपासणी होणार आहे, तुमच्या गावात होणार नाही' हे त्या बाईला तिच्या भाषेत कळलं पाहिजे, आणि गुण दिसताच तिच्या गावात ती तपासणी आधी पोचली पाहिजे. ६४ मधली प्रत्येकजण कुणाची तरी आई होती.

देणारी कोण, हाही प्रश्न आहे. २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातमध्ये वडोदरा जिल्ह्यात याच कर्करोगाविरुद्धची लस दहा ते चौदा वर्षांच्या मुलींना देण्याचा प्रकल्प झाला. काही मुलींच्या मृत्यूनंतर तो २०१० मध्ये थांबवला. चौकशीत ते मृत्यू लसीमुळे झाल्याचं आढळलं नाही, हे आधी स्पष्ट सांगते. ही लस कर्करोगापासून वाचवते यात शंका नाही. पण संमतीपत्रांत मोठे दोष निघाले. संसदीय समितीच्या २०१३ च्या अहवालात आहे की आंध्रच्या ९,५४३ फॉर्मपैकी २,७६३ फॉर्मवर वसतिगृहाच्या वॉर्डननी सह्या केल्या होत्या. म्हणजे मुलगी आईबापांची, हात मुलीचा, आणि देणारा तिसराच. दुसऱ्याची वस्तू उचलून दान केली तर पुण्य लागत नाही, हे आपल्या लहान पोरांनाही कळतं. वस्तू चांगली होती म्हणून घेण्याची रीत चांगली ठरत नाही.

हे वाचून कुणी म्हणेल, तर मग दारच लावून घ्यावं. तसं म्हणू नका. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायकांना तपासलं आणि १९८९ मध्ये ते जगापुढे मांडलं. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होतं. आधी कधी तशी तपासणी झालेल्या बायका फक्त ८ टक्के. म्हणजे बाकीच्या सहन करत होत्या, कारण कुणी विचारलंच नव्हतं. कधी कधी विचारणं हेच अभयदान असतं.

ते अभयदान ठरावं म्हणून कसं विचारायचं, याचीही एक रीत आहे. देशभर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण होतं, त्यात घरातल्या मारहाणीचे प्रश्न असतात. ते प्रश्न एका घरात एकाच बाईला विचारतात, आणि ती एकटी असेल तरच. सासू, नवरा, कुणी जवळ आलं की तो भाग सोडायचा. आकडा गेला तरी चालेल, बाईला मार बसता कामा नये. हा नियम ज्याने केला त्याला अहिंसा कळली होती, मग त्याने आपले ग्रंथ वाचले असोत वा नसोत.

दिगंबर मुनी आहाराला निघतात तेव्हा काय होतं, ते आठवा. ते दार वाजवत नाहीत, मागत नाहीत. गृहस्थ दाराशी उभा राहून बोलावतो, पडगाहन करतो, मन, वचन, काया आणि आहार शुद्ध असल्याचं सांगतो, तेव्हाच ते आत येतात. ओंजळीत मावेल तेवढंच, उभ्याने घेतात. या वृत्तीला भ्रामरी म्हणतात; भुंगा मध घेतो, फुलाला इजा करत नाही. संशोधक काही मुनी नव्हेत, त्यांना दार वाजवावंच लागतं. पण ओंजळीएवढंच घ्यावं, दिलेलंच घ्यावं, आणि फूल चुरगळू नये, एवढं त्यांनाही पाळता येईल.

आणि आपण? देणाऱ्याचंही कर्तव्य असतं. सही करायच्या आधी विचारावं : हे कशासाठी? मला नेमकं काय देणार, काय घेणार? नको म्हटलं तर माझे उपचार बंद होतील का? निकाल मला कोण सांगणार? भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे आपल्याला समजेल अशा भाषेत सांगणं बंधनकारक आहे, आणि मधेच बाहेर पडायचा हक्कही आहे. आपल्या सीमाभागात हे फार महत्त्वाचं. फॉर्म कानडीत असतो, कधी इंग्रजीत. आपण मराठीत बोलतो आणि मान हलवतो. 'मला मराठीत वाचून दाखवा' म्हणण्यात उद्धटपणा नाही.

आणि एकदा द्यायचं ठरवलं की खरं द्यावं. 'सगळं बरं आहे हो' ही आपली जुनी सवय. पाठ दुखते, अंगावरून जातं, रात्री झोप नाही, तरी बरंच. समोरची मुलगी ते 'बरं' वहीत लिहून नेते, आणि अशा हजारो 'बरं'वरून ठरतं की बायकांना औषधाची गरज नाही. संकोचाने बोललेलं असत्य आपल्या लेकींच्या ताटात पडतं. जे सांगायचं नसेल ते 'सांगणार नाही' म्हणावं. ते चालतं. खोटं मात्र देऊ नये.

बेळगावच्या त्या बायकांची बाळं आता विशीत आहेत. तुमच्या नात्यात, शेजारी, एखादी आक्का किंवा वहिनी अशी असेल, जी म्हणते की 'माझ्या बाळंतपणात त्यांनी कसलीतरी गोळी दिली होती आणि रक्त पिशवीत मोजलं होतं', तर तिच्याजवळ बसा. तिच्या वाट्याला खरी गोळी आली असेल किंवा नुसतीच, दोन्हींवाचून निकाल लागला नसता, हे तिला सांगा. दूरदूरच्या खेड्यांत बाळंतिणीच्या हातावर आज ती गोळी ठेवली जाते, त्यात तिचंही दान आहे.