फावल्या वेळातली पिशवी

घरी कापडी पिशव्या शिवण्याचा छंद आपल्याकडे पुष्कळ घरांत आहे. कोणी जुन्या साडीच्या शिवते, कोणी पडद्याच्या उरलेल्या तुकड्यांच्या, कोणी मुलाच्या आखूड झालेल्या जीन्सच्या. पिशवी जमली की मग बटवा, औषधांची कप्प्याकप्प्यांची घडी, दाराच्या मागे टांगायची खिशांची पट्टी, साडीचे कव्हर, फ्रिजमध्ये भाजी ठेवायला जाळीची नाडीची थैली असा पसारा वाढत जातो. हा छंद चांगलाच आहे, त्याविषयी वाद नाही. पण शिवलेली वस्तू घराबाहेर पडते, कोणाला दिली जाते किंवा विकली जाते, तेव्हा एक प्रश्न उभा राहतो. तो सहसा कोणी विचारत नाही, म्हणून आज आपण तो विचारू.

आधी छंदाची बाजू. दिवसभरात आपण जी कामे करतो त्यांतली बहुतेक संध्याकाळपर्यंत पुसली जातात. भांडी पुन्हा खरकटी होतात, केर पुन्हा साठतो. शिवलेली पिशवी मात्र राहते. सुती कापड शिवण्याआधी धुऊन वाळवायचे, कारण ते आटते. मग बेतायचे, कापायचे, बाजू जोडायच्या. तळाचे दोन्ही कोपरे तिकोनी दाबून आडवी टीप मारली की सपाट पिशवी एकदम पोट धरते, तिच्यात डबा सरळ बसतो. बंद जिथे जोडतो तिथे चौकोन आणि त्यात फुली अशी टीप घातली तर पाच किलो बटाट्यांनीही ते उसवत नाहीत. हे हाताला कळलेले शहाणपण आहे आणि ते कळल्याचा आनंद निर्भेळ असतो. यंत्रयुगावर कडक टीका करणाऱ्या गांधीजींनीही 1924 साली एका संभाषणात शिवणयंत्राला आपल्या टीकेतून वगळले होते. त्या यंत्रामागे माणसाचे कष्ट हलके करण्याची माया आहे, असे त्यांना वाटत होते.

या छंदाचे समर्थन करताना आपण बहुधा प्लास्टिकचे नाव घेतो. ते साहजिक आहे. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि गटारांत तुंबलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांची चर्चा घराघरांत झाली. पुढे 23 जून 2018 पासून महाराष्ट्रात प्लास्टिक बंदीची अंमलबजावणी सुरू झाली, 1 जुलै 2022 पासून देशभर एकदा वापरून फेकायच्या अनेक प्लास्टिक वस्तूंवर बंदी आली. बाजारात कापडी पिशवी नेणे ही आता चांगली सवय मानली जाते.

तरीही इथे थोडा प्रामाणिक हिशेब करायला हवा. ब्रिटनच्या पर्यावरण खात्याने 2011 साली एक अहवाल प्रसिद्ध केला. हवामानावर होणाऱ्या परिणामाचा विचार केला, तर कापसाची नवी पिशवी 131 वेळा वापरावी तेव्हा ती एकदा वापरून फेकलेल्या पातळ प्लास्टिकच्या पिशवीच्या बरोबरीला येते, असे त्यात निघाले. कापसाला खत लागते, पाणी लागते, मग सूतकताई, विणकाम, रंगकाम, वाहतूक आलीच. त्या अहवालाने गटारात आणि समुद्रात जाणाऱ्या कचऱ्याचा हिशेब धरलेला नाही, ही गोष्ट आपल्या किनाऱ्यावरच्या लोकांना विसरता येणार नाही. पण मुद्दा उरतोच. जुन्या साडीची शिवलेली, वर्षभर रोज बाजारात जाणारी पिशवी ही खरी बचत आहे. दुकानातून छापील नवे कापड, फोम, चेन, लेस आणून शिवलेली दहावी पिशवी ही बचत नव्हे, ती हौस आहे. हौस असायला हरकत नाही. फक्त तिला हौस म्हणावे.

वस्तू ठेवण्याच्या साधनांचेही तसेच. कप्पे केले की कप्प्यांत भरायला वस्तू लागतात. कपाटात पिशव्या ठेवण्यासाठी मोठी पिशवी शिवलेली आम्ही पाहिली आहे आणि तिचे कौतुकही केले आहे, कारण शिवण फार सुबक होती!

आता मूळ प्रश्न. सणाच्या दिवशी चर्चच्या आवारात, एखाद्या प्रदर्शनात किंवा नुसतेच शेजारीपाजारी, छंद म्हणून शिवलेल्या पिशव्या विकल्या जातात. अस्तर लावलेली, चेन बसवलेली, आत लहान खिसा असलेली एक पिशवी घेऊ. समजा कापड, अस्तर, चेन, दोरा मिळून शंभर रुपये लागले आणि शिवायला दोन तास गेले. ती दीडशेला विकली तर तासाला पंचवीस रुपये पडले. शिवणारीला त्याचे काही वाटत नाही. ती म्हणते, "मी काय पैशासाठी करते का? फावल्या वेळात करते." घेणारीही खूश होते. पण त्याच वस्तीत फॉल-पिको करून, ब्लाउज शिवून, कपडे अल्टर करून घर चालवणारी एक ताई असते. तिने तशीच पिशवी तीनशेला सांगितली की गिऱ्हाईक म्हणते, "तीनशे? परवा तर दीडशेला मिळत होती!"

त्या गिऱ्हाइकाने खोटे काही सांगितलेले नाही. छंद करणारीनेही कोणाचे काही चोरलेले नाही. मग ताईचे जे नुकसान झाले ते कोणी केले?

यावर एक उत्तर असे की नुकसान झालेच नाही. दीडशेची पिशवी घेणारी तीनशेची कधीच घेणार नव्हती. हे काही अंशी खरे आहे. पण किंमत कुठे छापलेली नसते, माणसे ती पाहून पाहून शिकतात. चार ठिकाणी दीडशे ऐकले की दोन तासांच्या शिलाईची किंमत पन्नास रुपये, असे मनात पक्के बसते. मग तीच व्यक्ती ब्लाउजच्या शिलाईतही घासाघीस करू लागते आणि त्यात आपण काही अन्याय करतो असे तिला वाटत नाही.

दुसरे उत्तर असे की छंदाला कोणी बांधील नाही, आपल्या वस्तूची किंमत आपण ठरवावी. हेही एका मर्यादेपर्यंत मान्य. पण "फावल्या वेळात" या दोन शब्दांचा इतिहास फारसा निरागस नाही. आंध्र प्रदेशात गोदावरीच्या मुखाजवळ नरसापूर नावाचे गाव आहे. तिथल्या स्त्रिया सुईने बारीक दोऱ्याची लेस विणतात. ही कला त्या भागात 19व्या शतकात मिशनऱ्यांनी नेली, गरीब बायकांना आधार व्हावा म्हणून. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी तिथे राहून अभ्यास केला आणि 1982 साली त्यावर पुस्तक लिहिले. त्यांना दिसले ते असे: लेस परदेशी जात होती, व्यापाऱ्यांची भरभराट होत होती आणि घरकाम सांभाळून कित्येक तास विणणाऱ्या बाईला अगदी क्षुल्लक मजुरी मिळत होती. कारण विचारले तर सगळ्यांचे उत्तर एकच. या काही कामगार नव्हेत, या गृहिणी आहेत, मोकळ्या वेळात बसल्या बसल्या विणतात. वाईट याचे वाटते की त्या बायकांनाही तसेच वाटत असे.

अहमदाबादलाही वेगळे नव्हते. कापडगिरण्यांच्या चिंध्या जोडून गोधड्यांच्या खोळी शिवणाऱ्या बायका घरातच मशीन चालवीत, म्हणून त्यांना कामगार मानायला कोणी तयार नसे. इला भट यांनी 1972 साली स्थापन केलेल्या 'सेवा' संघटनेने अशा स्त्रियांना एकत्र आणले आणि त्यांच्या मजुरीसाठी लढा दिला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरबसल्या काम करणाऱ्यांसाठीचा करार 1996 साली संमत केला. भारताने त्याला अद्याप मान्यता दिलेली नाही.

तेव्हा आपली हौसेची शिवणारी बहीण "मी फावल्या वेळात करते" असे म्हणते, तेव्हा ती स्वतःपुरते खरे बोलते. पण ते वाक्य तिच्या तोंडून निघून दुसऱ्या बाईच्या मजुरीवर जाऊन बसते. घरात बसून सुई चालवणारी प्रत्येक बाई मग हौशीच ठरते.

मग काय, हौशी बाईने पिशवी कोणाला देऊच नये? तसे आम्हाला मुळीच म्हणायचे नाही. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात यापो गावच्या टबीथाची हकिकत आहे. ती वारली तेव्हा विधवा रडत जमल्या आणि तिने शिवलेले अंगरखे व वस्त्रे पेत्राला दाखवू लागल्या. ही हकिकत आपण दानधर्माचे उदाहरण म्हणून ऐकतो, पण ती वस्त्रे कोणाकडे गेली याकडे फारसे लक्ष देत नाही. ती विधवांकडे गेली, ज्यांना शिंप्याकडे जाण्याची ऐपत नव्हती त्यांच्याकडे. टबीथाच्या शिवण्याने यापोच्या कोणा शिंप्याचे गिऱ्हाईक कमी झाले असेल असे वाटत नाही. आपल्या पिशव्या बहुधा ज्यांच्याकडे आधीच सात पिशव्या आहेत त्यांच्याकडे जातात.

द्राक्षमळ्याच्या दाखल्यातही अशीच एक बारीक गोष्ट आहे. शेवटी आलेल्या मजुरांना मालकाने पूर्ण दिवसाची मजुरी दिली, ती स्वतःच्या थैलीतून. सकाळी आलेल्यांच्या ठरलेल्या मजुरीतला एक पैसाही त्याने त्यासाठी कापला नाही. त्यांची कुरकुर झाली, पण त्यांचे काही गेले नव्हते. उदारपणा आपल्याच थैलीतून असला की तो उदारपणा. दीडशेच्या पिशवीतला स्वस्तपणा थोडा शिवणारीच्या थैलीतून येतो आणि थोडा त्या ताईच्या, जी या व्यवहारात कुठे हजरही नसते.

म्हणून आम्हाला वाटते, की पिशवी द्यायची तर सरळ फुकट द्यावी. भेट दिलेल्या वस्तूने कोणी भाव शिकत नाही. भाचीच्या वाढदिवसाला शिवलेला बटवा पाहून शिलाई स्वस्त झाली असे कोणाला वाटत नाही. आणि विकायची तर पूर्ण किमतीला विकावी, वेळेचे पैसे धरून. घातक आहे ती मधली वाट, अर्धी भेट आणि अर्धी विक्री. देणारीला दान केल्याचे समाधान मिळते, घेणारीला स्वस्तात मिळाल्याचे, आणि दोघींचे समाधान तिसरीच्या खर्चाने होते.

यावर एक आक्षेप आहे आणि तो आम्हाला टाळता येत नाही. हौशी शिवणाऱ्या सगळ्याच काही सुखवस्तू नसतात. कित्येक जणी अशा आहेत की ज्यांच्या घरी पैसा आहे, पण त्यांच्या हातात नाही. तीस वर्षे संसार करून स्वतःच्या कमाईचा असा रुपया कधी पाहिलेला नाही. पहिली पिशवी दीडशेला विकली जाते तेव्हा त्या नोटा ती खर्च करत नाही, पाकिटात वेगळ्या ठेवते. तिला जाऊन सांगायचे की तुझी किंमत चुकली? तिने तीनशे लावले तर पिशवी पडून राहील आणि मशीनवर पुन्हा झाकण बसेल, अशी भीती तिला असते, आणि ती खोटी नाही. तिच्या बाबतीत आम्ही जरा हलक्या आवाजात बोलू. तरी बोलू, कारण जिच्या श्रमाला घरात कोणी मोल दिले नाही तिनेच बाजारात स्वतःच्या श्रमाचे मोल शून्य धरावे, हे तिच्याही हिताचे नाही. दहा पिशव्या स्वस्तात जाण्यापेक्षा चार नीट किमतीला गेल्या तर पाकिटात निदान तेवढे पैसे येतात, आणि कापडही कमी लागते.

किंमत ठरवायची कशी, हे मात्र हौशी बायकांनी एकमेकींत बसून ठरवण्यात अर्थ नाही. पिशवी घेऊन कोपऱ्यावरच्या शिलाईवाल्या ताईकडे जावे आणि विचारावे, "ताई, अशी शिवायला तुम्ही किती घ्याल?" ती लगेच आकडा सांगणार नाही. आधी पिशवी उलटी करील, आतल्या कडा पाहील, बंद दोन्ही हातांनी ओढून बघील, चेन दोनदा फिरवील. मग सांगेल.