पहिला घाव मी पाहिला नाही

'आठवत नाही' एवढंच मला म्हणायचं आहे. कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहायचं, सरकारी वकिलांनी विचारलं की कपाळाला आठी घालायची आणि सांगायचं, साहेब, लई दिवस झाले, आता नीट आठवत नाही. "तात्या, तुमी कुणाच्या विरोधात बी बोलू नगासा आणि कुणाच्या बाजूनं बी बोलू नगासा," एवढं बोलून पुतण्या चहा संपवून गेला. समन्स हातात पडल्यापासून आमच्याकडं अशा चहाला खळ नाही.

प्रकरण म्हणाल तर करवीर तालुक्यात काही नवलाचं नाही. दोन चुलतभाऊ, मध्ये एक बांध. थोरल्यानं तो दरसाल थोडा थोडा कोरत आणलेला. एका सकाळी त्यावरून जुंपली आणि खोऱ्याच्या दांड्यानं धाकट्याचं डोकं फुटलं. मी माझ्या मोटारीच्या पेटीपाशी होतो. ओरडा ऐकून उसातून बाहेर आलो तेव्हा धाकटा खाली पडलेला, कपाळाचं रक्त डोळ्यांत उतरलेलं. थोरला दांडा धरून उभा. दांड्यातून निसटलेलं खोरं सरीत पालथं पडलं होतं आणि त्यावरून पाटाचं पाणी वाहत होतं. पोलिसांना मी जबाब दिला तो एवढाच.

ज्याला पालथं खोरं आठवतं त्यानं 'आठवत नाही' म्हणणं म्हणजे काय, हे कळायला वकील लागत नाही. तरी मी एका ओळखीच्या वकिलांकडून कायदा समजून घेतला. मनात आशा होती की या शब्दाला कुठंतरी पळवाट असेल. नाही. खोट्या साक्षीची व्याख्या पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम १९१ मध्ये होती, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम २२७ मध्ये आहे. तिच्याखालचं स्पष्टीकरण सांगतं की जे आपल्याला वाटत नाही ते वाटतं म्हणून सांगणं, किंवा जे ठाऊक नाही ते ठाऊक आहे म्हणून सांगणं, हीसुद्धा खोटी साक्षच. म्हणजे माझ्या डोक्यात काय आहे याबद्दल खोटं बोललो तरी मी सापडलो. भांडणाचा गुन्हा जुन्या कायद्याखाली नोंदलेला, पण माझं खोटं मात्र १ जुलै २०२४ नंतरचं, नव्या कायद्यातलं असेल. न्यायालयीन कामात त्याला सात वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड आहे.

मग मी अजून का घुटमळतो? घरच्यांना सांगतो, भावकीत तेढ नको. ऐकायला चांगलं वाटतं. पण रात्री अंथरुणावर पडलो की डोळ्यांपुढं भावकी येत नाही, पाइपलाइन येते. नदीवरून येणारी माझी पाइपलाइन थोरल्याच्या रानातून जाते. त्यानं एका रात्रीत ती फोडली तर उभा ऊस वाळेल आणि कुणी फोडली हे कुणालाच 'आठवणार' नाही. माझ्या शांतताप्रेमाचा व्यास साधारण चार इंची आहे. हे बायकोलाही मी अजून बोललो नाही. तिनं ओळखलं असणार, कारण परवा तिनंच विचारलं, "पाणंदीच्या कडंनं लाइन फिरवायला किती खर्च येईल ओ?"

इथवर माझा हिशेब सरळ होता. एक खोटं, त्यामागं एक स्वार्थ. घोळ पुढं आहे.

धाकट्याची माणसंही येऊन गेली. ती काही खोटं बोला म्हणत नाहीत. उलट म्हणतात, खरं ते बोला. फक्त त्या खऱ्यात एक गोष्ट त्यांना हवी आहे: आधी हात उचलला तो थोरल्यानं, हे मी पाहिलं. कारण थोरल्याचा वकील म्हणणार आहे की धाकटाच अंगावर धावून आला होता. आता गावात कुणालाही विचारा, पहिला घाव थोरल्याचाच असणार. बांध त्यानं कोरला, शिव्या त्यानं दिल्या, खोरं त्याचं. माझीही खात्री आहे. मग जे खरंच आहे ते 'पाहिलं' म्हणायला काय जातं?

कायदा करणाऱ्यांना हा प्रश्न दीडशे वर्षांपूर्वीच दिसला होता. व्याख्येखालच्या पहिल्याच उदाहरणात ब चं य कडून एक हजार रुपये येणं आहे. ते येणं खरं आहे. अ मात्र शपथेवर सांगतो की य नं ते माझ्यासमोर कबूल केलं, आणि त्यानं तसलं काहीच ऐकलेलं नसतं. अ नं खोटी साक्ष दिली. आणखी एक उदाहरण तर मला रात्रभर पुरलं. य अमुक दिवशी अमुक ठिकाणी होता हे मला ठाऊक आहे, असं अ सांगतो. प्रत्यक्षात त्याला काहीच ठाऊक नसतं. मग य तिथं असो वा नसो, साक्ष खोटीच. म्हणजे गोष्ट खरी निघाली तरी साक्षीदार सुटत नाही. जगात काय घडलं याचा निकाल कोर्ट देईल. माझ्याकडून ते फक्त माझ्या दोन डोळ्यांचा हिशेब मागतं.

आणि तोच हिशेब माझ्याकडं धड उरलेला नाही. त्या घटनेनंतर स्टँडवरच्या चहाच्या गाड्यावर ही गोष्ट मी कितीदा सांगितली असेल. ऐकणाऱ्याला पडलेला माणूस पुरत नाही, त्याला घाव हवा असतो. हळूहळू माझ्या गोष्टीत मी उसातून थोडा लवकर बाहेर यायला लागलो. एकदा तर दांडा वर गेलेला मी हात उंचावून दाखवलाही होता. आता डोळे मिटले की तो उचललेला दांडा मला दिसतो. लख्ख दिसतो. पालथ्या खोऱ्याइतकाच.

खऱ्या कामासाठी खोटा कागद, हे कोल्हापुरानं फार महागात पाहिलेलं आहे. चौथे शिवाजी महाराज वेडे ठरवून गोऱ्यांच्या देखरेखीखाली ठेवले होते, त्यांचा छळ होतो अशी लोकांत बोलवा होती. कारभारी माधवराव बर्वे यांचा त्यात हात असल्याचं दाखवणारी पत्रं टिळक-आगरकरांच्या हाती आली आणि 'केसरी' व 'मराठा'त त्यावर लिहिलं गेलं. वृत्तपत्रं सुरू होऊन वर्ष होत होतं, संपादक पंचविशीतले. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला. पत्रं बनावट निघाली. दोघांनी माफी मागितली, तरी १८८२ साली चार महिन्यांची शिक्षा झाली आणि डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. पुढं डिसेंबर १८८३ मध्ये अहमदनगरला पहाऱ्यावरच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर महाराज गेले. म्हणजे काळजी अस्थानी नव्हती. पत्रं मात्र बनावटच राहिली. त्या दोघांनी ती खरी मानून छापली होती, एवढा तरी त्यांना आधार. मला तोही नाही, कारण माझं बनावट पत्र माझ्याच हस्ताक्षरातलं आहे.

पकडला जाशील का, असं विचाराल तर बहुधा नाही. पोलिसांपुढच्या जबाबावर माझी सही नाही, त्याला शपथही नव्हती. खोट्या साक्षीची तक्रार त्या न्यायालयानंच करायची असते, थोरल्याला किंवा धाकट्याला परस्पर खटला भरता येत नाही. न्यायाच्या दृष्टीनं ते उचित आहे असं न्यायाधीशांना वाटलं तरच पुढं हलतं, आणि त्यांच्यापुढं आधीच फायलींचा ढीग. साक्षीदार फितूर झाला म्हणायचं, पुढची तारीख घ्यायची. बेलभंडारा उचलायला सांगितला असता तर आमच्या गावात निम्मे लोक मागं सरले असते. कोर्टातल्या शपथेला मात्र कुणी घाबरत नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या इमारतीत उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं तेव्हा मीही पेढे वाटले. इतक्या वर्षांची मागणी, सहा जिल्ह्यांची सोय. पण अपिलात साक्षीदाराला सहसा पुन्हा बोलवत नाहीत. बावड्याला जे टाइप झालं तेच कागद वर जातात. मी उसातून लवकर बाहेर आलो असं एकदा तिथं उमटलं की वरच्या कोर्टातही मी लवकरच बाहेर आलेला असणार.

तेव्हा सांगायचं ते मी ठरवलं आहे. पडलेला पाहिला, दांडा हातात पाहिला, पहिला घाव पाहिला नाही. थोरल्याला माझं पहिलं निम्मं खटकेल, धाकट्याला उरलेलं. पाणंदीकडच्या पाइपांचा भाव लक्ष्मीपुरीत विचारून ठेवला आहे. भीती वेगळीच आहे. उलटतपासात कुणीतरी विचारेल, "मग स्टँडवर सगळ्यांना वर गेलेला दांडा कोण दाखवत होतं?" आणि गाड्यावरची ती सगळी माणसं त्या दिवशी कोर्टात मागच्या बाकांवर बसलेली असतील.