वाघिणीचे वय

युसूफ वडगावातून रेल्वे जात नाही. केज तालुक्यातल्या या गावच्या माणसाला आगगाडी पाहायची तर पूर्वी दोन दिशा होत्या. मांजरा ओलांडून दक्षिणेला गेले की बार्शी लाईटची छोटी लाईन लागे, ढोकी-मुरूड करत लातूरला जाणारी. अंबाजोगाईवरून पूर्वेला गेले की परळीची मोठी लाईन. आता समजा, याच गावातल्या एखाद्या हौशी माणसाने ठरवले की माळवदाच्या घरातल्या एका खोलीत आठ फुटी प्लायवूडवर आपल्या मुलखाची मालगाडी उभी करायची. खेळण्यातली नव्हे, मापात बसणारी, खरी वाटणारी. रूळ कोणते, इंजिन कोणते, हे प्रश्न नंतरचे. आधी त्याला काळ ठरवावा लागेल, आणि तो ठरवताना बहुतेक जण एकाच ठिकाणी घसरतात.

समजा, त्याने 1955 साल निवडले. मग तो 1955 सालच्या वाघिणी, म्हणजे मालगाडीचे डबे, शोधू लागतो. पण 1955 सालच्या मालगाडीत 1955 साली बांधलेल्या वाघिणी असायच्या तरी किती? लोखंडी वाघीण चाळीस वर्षे सहज चालते. त्या वर्षी फलाटाला लागलेल्या गाडीत पहिल्या महायुद्धाच्या आधीच्या वाघिणी असणार, दोन युद्धांमधल्या असणार, दुसऱ्या युद्धात घाईघाईने बांधलेल्या असणार, आणि असल्याच तर एखाद-दोन नव्या. ज्याने सगळा ताफा एकाच वर्षाचा, एकाच रंगाचा आणि एकसारख्या ताज्या अक्षरांचा केला, त्याची प्रत्येक वाघीण अचूक असूनही गाडी खोटी ठरते.

काळाची अचूकता ही एकेका डब्यात नसून डब्यांच्या मिसळीत असते, एवढीच गोष्ट या लेखात उलगडायची आहे.

घर पाडताना भिंतीत नाण्यांचे गाडगे सापडते, तेव्हा ते कधी पुरले हे त्यातल्या सर्वांत जुन्या नाण्यावरून ठरत नाही. ठरते ते सर्वांत नव्या नाण्यावरून. मालगाडीचेही तसेच आहे. जुनी वाघीण कितीही जुनी असो, ती चालते. जोवर ती मोडीत निघालेली नाही तोवर तिला गाडीत जागा आहे. पण निवडलेल्या तारखेच्या पुढची एक खूण, अंगावर रंगवलेला एक आकडासुद्धा, सगळा देखावा पुढच्या काळात ढकलतो.

बार्शी लाईटच्या बाबतीत या खुणा वाचायला सोप्या आहेत, कारण या लाईनचा इतिहास ठळक आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज इंजिनिअर आधी जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेत नोकरीला होता. बार्शी ही कापसाची मोठी पेठ, पण मुख्य लाईनपासून दूर पडलेली. त्याने अडीच फुटी गेजची लाईन सुचवली, आणि 1897 मध्ये बार्शी रोड स्टेशनापासून बार्शी टाऊनपर्यंत गाडी सुरू झाली. (बार्शी रोड म्हणजे आजचे कुर्डुवाडी. 1897 चा देखावा करणाऱ्याने फलकावर कुर्डुवाडी लिहिले, तर वाघिणींपर्यंत पोचण्याआधीच काळ चुकला.) लाईन 1906 ला पंढरपुरास, 1911 ला लातुरास आणि 1927 ला मिरजेस पोचली. हाच कॅलथ्रॉप पुढे पहिल्या महायुद्धात विमानातून उडी मारण्याच्या पॅराशूटमागे लागला. आपल्या विषयाशी याचा संबंध एवढाच, की वजन कमी कसे करावे हा प्रश्न या माणसाला आयुष्यभर पुरला.

त्या प्रश्नाचे उत्तर त्याच्या वाघिणींत दिसते. लाईनवरच्या प्रत्येक गाड्याचा, मग ते इंजिन असो की वाघीण, एका आसावरचा भार पाच टनांच्या वर जाऊ द्यायचा नाही, असे त्याने ठरवले. मग रूळ हलके चालतात आणि लाईन स्वस्तात होते. उंच बाजूंची, बुटक्या बाजूंची, बंद, सपाट अशा सगळ्या वाघिणी 25 फूट लांब आणि 7 फूट रुंद अशा एकाच मापाच्या दाबीव पोलादी सांगाड्यावर उभ्या केल्या. लाईन सुरू होण्याआधी इंग्लंडात लीड्सजवळ न्यूले येथे चाचणीचे रूळ टाकून त्याने हा सारा सरंजाम लोकांना दाखवलाही होता.

नमुना करणाऱ्याला याहून सोयीचे काय हवे? एक सांगाडा नीट साधला की चार प्रकारच्या वाघिणी हाती लागतात. 1:87 या प्रमाणात तो सांगाडा 88 मिलिमीटरच्या आत बसतो, रुंदी साडेचोवीस मिलिमीटर. आणि अडीच फूट, म्हणजे 762 मिलिमीटरचे गेज, 8.8 मिलिमीटर होते. बाजारात 9 मिलिमीटरचे रूळ तयार मिळतात. फरक केसाएवढा. मोठ्या लाईनचा नमुना करणाऱ्यांना हे सुख नाही. आपले ब्रॉडगेज 1676 मिलिमीटर. 1:87 मध्ये ते सव्वाएकोणीस मिलिमीटर व्हायला हवे, पण तयार रूळ मिळतात साडेसोळाचे, युरोप-अमेरिकेच्या गेजचे. बहुतेक जण ते तसेच वापरतात. जाणकार नाके मुरडतात, पण मला यात फार वावगे वाटत नाही. गेजची चूक सगळ्या गाड्यांना सारखीच लागू असते आणि ती काळाबद्दल काहीच खोटे सांगत नाही. एका वाघिणीवरची चुकीची अक्षरे मात्र सांगतात.

आता मिसळ कशी ठरवायची? इथे छोट्या आणि मोठ्या लाईनचा न्याय वेगळा आहे. बार्शी लाईटच्या वाघिणी आपले गेज सोडून कुठे जाऊच शकत नव्हत्या, आणि बाहेरची वाघीण आत येऊ शकत नव्हती. लातूरच्या धक्क्यावर भरलेले पोते कुर्डुवाडीला उतरायचे, हमालांच्या पाठीवरून मोठ्या वाघिणीत चढायचे आणि मग मुंबईला निघायचे. म्हणून छोट्या लाईनच्या नमुन्यात कुटुंब बंदिस्त: जे कंपनीच्या दप्तरात होते तेवढेच.

कुर्डुवाडीच्या धक्क्याच्या पलीकडच्या बाजूला मात्र उलटा मामला. ब्रॉडगेजच्या वाघिणी देशभर फिरत. रिकामी झालेली वाघीण मालकाकडे परत धाडण्यापेक्षा मिळेल तो माल भरून पुढे पाठवणे सोयीचे, त्यामुळे कुर्डुवाडीच्या फलाटावर पंजाबची, बंगालची, मद्रासची अक्षरे दिसणे स्वाभाविक होते. अमेरिकेतल्या छांदिष्टांनी यावर बराच काथ्याकूट केला आहे. त्यांचे म्हणणे असे, की कुठेही भरता येणाऱ्या बंद डब्यांची एखाद्या गाडीतली वाटणी ही साधारणपणे सबंध देशातल्या डब्यांच्या वाटणीसारखीच असते. ज्या कंपनीचे डबे देशात जास्त, तिचे तुमच्या गावच्या गाडीतही जास्त. आपल्याकडेही हा आडाखा उपयोगी पडतो. कुर्डुवाडीच्या मोठ्या धक्क्यावर फक्त जी.आय.पी.च्याच वाघिणी उभ्या करणारा माणूस गावाभिमानी असेल, पण त्याची गाडी चुकलेली असते.

आता 1955 कडे परत येऊ. बार्शी लाईट कंपनी 1954 च्या आरंभी सरकारने घेतली आणि लाईन मध्य रेल्वेत आली. ती मध्य रेल्वेही नवीच, जी.आय.पी., निजाम स्टेट वगैरे रेल्वे एकत्र करून 5 नोव्हेंबर 1951 ला झालेली. पण सरकारी हुकूम एका दिवसात निघतो, रंग एका दिवसात बदलत नाही. वाघीण दुरुस्तीला कारखान्यात जाईल तेव्हा तिच्यावर नवी अक्षरे चढणार. म्हणजे 1955 च्या खऱ्या गाडीत काही वाघिणींवर जुन्या कंपनीची आद्याक्षरे, काहींवर नव्या रेल्वेची आणि काहींवर नवी अक्षरे पुसट होत जाऊन खालची जुनी वर डोकावणारी, असा सगळा संमिश्र प्रकार हवा. 1949 निवडले तर काम सोपे, 1965 निवडले तरी सोपे. मधली वर्षे अवघड, आणि माझ्या मते करण्याजोगी तीच.

याच वाघिणींवर रिकाम्या डब्याचे वजन रंगवलेले असते. 1955 मध्ये ते टन आणि हंड्रेडवेटमध्ये असणार. मेट्रिक मापांचा कायदा 1956 चा, त्याची अंमलबजावणी त्यानंतरची. तेव्हा मेट्रिक वजन लिहिलेली एक वाघीण 1955 च्या गाडीत घुसली की गाडग्यात नंतरचे नाणे पडलेच. अक्षरे डोळ्यांना सुवाच्य दिसतही नसतील. 1:87 मध्ये ती मुंगीच्या डोक्याएवढी. तरी करणाऱ्याला ठाऊक असते.

पुरावा कुठून मिळवायचा, हा खरा त्रास आहे. लोकांनी फोटो काढले ते इंजिनांचे. वाघिणी त्या फोटोंत कडेला कापल्या गेलेल्या, अर्ध्या, धुरात. शिवाय बहुतेक फोटो शेवटच्या दशकांतले, वाफेची इंजिने जाणार म्हणून दूरदूरचे लोक कॅमेरे घेऊन आले तेव्हाचे. त्यामुळे छोट्या लाईनचे आपल्या मनातले चित्र तिच्या म्हातारपणाचे आहे. तिच्या भर उमेदीच्या काळात बार्शी इंग्रजी मुलखात आणि युसूफ वडगाव मोगलाईत, म्हणजे निजामाच्या राज्यात, होते. मधे करोडगिरीचे नाके, इकडे कलदार रुपया आणि तिकडे हाली. त्या काळचा धक्का उभारायचा तर वाघिणींइतकाच या हद्दीचा विचार करावा लागेल, आणि त्यासाठी रेल्वेच्या फोटोंपेक्षा महसुली कागद अधिक कामाला येतील.

छोटी लाईन नको असेल तर युसूफ वडगावकराला आणखी एक गाडी जवळची आहे. लातूरला पाणी पुरवणारे मांजरा धरण धनेगावला, म्हणजे केज तालुक्यातच. 2016 च्या उन्हाळ्यात ते आटले आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने कृष्णेचे पाणी आणावे लागले. ती जलदूत. पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी हीच वाट. कॅलथ्रॉपची लाईन, पण आता रुंद झालेली आणि जुन्या मार्गावर नसलेल्या उस्मानाबाद शहराकडे वळून जाणारी. तेव्हाच्या देखाव्यात स्टेशनाचा फलक उस्मानाबाद असाच हवा. धाराशिव हे नाव नंतर आले.

या गाडीत काळ दशकांत नाही, आठवड्यांत मोजावा लागतो. टाक्या पेट्रोलियम वाहणाऱ्या, हवेच्या ब्रेकच्या. राजस्थानात कोट्याच्या कारखान्यात आतून वाफेने धुऊन मिरजेला आणलेल्या. त्यांचे नंबर अकरा आकडी. 2003 च्या सुमारास आलेल्या या पद्धतीत पहिले दोन आकडे वाघिणीचा प्रकार सांगतात, पुढचे दोन मालक रेल्वे आणि त्यापुढचे दोन, म्हणजे पाचवा-सहावा, बांधणीचे वर्ष. शेवटचा आकडा बाकीचे दहा बरोबर आहेत ना, हे ताडण्यासाठी. म्हणजे इथे वाघीण आपले वय स्वतःच सांगते, आणि पाचव्या-सहाव्या जागी 17 लिहिणाऱ्याला पळवाट उरत नाही. सगळ्या टाक्यांवर एकच वर्ष टाकणाऱ्यालाही नाही. शेपटाला ब्रेकव्हॅन हवी आणि तिच्यातला माणूस गार्ड म्हणायचा; ट्रेन मॅनेजर हे नाव 2022 चे.

काय नाही, हेही तितकेच पाहावे लागते. त्याच उन्हाळ्यात शेजारच्या परळीचे यार्ड करायला घेतले, तर कोळशाच्या वाघिणींचा रेक उभा करायचा मोह होणारच, कारण परळी म्हटले की औष्णिक केंद्र आणि कोळसा. पण ते केंद्र जुलै 2015 पासून पाण्याअभावी बंद होते. धुराड्यातून धूर आणि खाली भरलेला रेक, हे चित्र कुठल्याही सामान्य वर्षी बरोबर आणि एप्रिल 2016 ला चूक.

राहिला जागेचा प्रश्न. जलदूतची पूर्ण गाडी पन्नास टाक्यांची, पंचवीस लाख लिटरची. एक टाकी साधारण बारा मीटर लांब. 1:87 मध्ये चौदा सेंटिमीटर. पन्नास म्हणजे इंजिनाशिवाय सात मीटर, आणि आठ फुटी प्लायवूडवर ती मावत नाही. मोठमोठ्या क्लबांतही अशा वेळी गाडी आखडती घेतात, पन्नासाच्या जागी पंधरा डबे लावतात आणि तेवढे पाहणाऱ्याने समजून घ्यायचे असते. इथे तेही करावे लागत नाही. पन्नास टाक्यांची गाडी सुरू झाली 20 एप्रिलच्या सुमारास. त्याआधी 11 एप्रिलला मिरजेहून निघून 12 तारखेच्या पहाटे लातूरला पोचलेली पहिली गाडी दहाच टाक्यांची होती, पाच लाख लिटरची. दहा टाक्या, इंजिन आणि ब्रेकव्हॅन मिळून पावणेदोन मीटरच्या आत. युसूफ वडगावच्या प्लायवूडवर ती बसते, पुढे-मागे थोडे रूळ उरतात, आणि शंटिंग करायचे म्हटले तर मात्र भिंतीला भोक पाडावे लागेल.