विक्रम आणि उतारवय

उतारवयात माणसाने काय करावे, याचे उत्तर आपल्या समाजाने बहुधा ठरवूनच ठेवले आहे. सकाळची मिस्सा, सायंकाळची जपमाळ, नातवंडांचा सांभाळ आणि उरल्या वेळी ओसरीवरची खाट. यात वावगे काहीच नाही. परंतु एखाद्या वृद्धाने उठून सायकलच्या विक्रमाची उमेद धरली, तर त्याला काय म्हणावे? ‘या वयात हे शोभत नाही’ असे म्हणून हसावे, की त्या उमेदीत परमेश्वराच्या देणगीचा मान आहे असे समजावे? आम्हांला हा प्रश्न केवळ खेळाचा वाटत नाही. देह कोणाचा आणि उरलेला काळ कोणाचा, असा तो नीतीचा प्रश्न आहे.

या प्रश्नाला एक खराखुरा चेहरा आहे. फ्रान्समधील रोबेर मार्शां यांचा जन्म २६ नोव्हेंबर १९११ चा. अंगकाठी लहान, उंची जेमतेम पाच फूट. सायकलशर्यतीत तुझा निभाव लागणार नाही, असे त्यांना तरुणपणी एका प्रशिक्षकाने सांगितले होते. पुढे अग्निशामक दलातील नोकरी, कॅनडातील लाकूडतोड अशा नाना कष्टांत आयुष्य गेले, आणि साठी उलटून गेल्यावर त्यांनी सायकल पुन्हा निष्ठेने हाती धरली. २०१२ साली, वयाची शंभरी पूर्ण झाल्यावर, स्वित्झर्लंडमधील बंदिस्त धावमार्गावर त्यांनी एका तासात २४ किलोमीटरांहून थोडे अधिक अंतर कापले. त्याच वर्षी लिओं येथे १०० किलोमीटरांचे अंतर त्यांनी ४ तास १७ मिनिटे २७ सेकंदांत पुरे केले. २०१४ मध्ये तासाचा आकडा २६.९२७ किलोमीटरांवर गेला. त्यांचा सराव शास्त्रीय पद्धतीने घेणाऱ्या संशोधकांना असे आढळले, की वयाच्या १०१ ते १०३ या वर्षांत त्यांच्या शरीराची प्राणवायू वापरण्याची क्षमता सुमारे १३ टक्क्यांनी वाढली होती.

असा धावमार्ग लंबगोलाकार आणि कडेला उंच चढत गेलेला असतो. पुण्याजवळ बालेवाडीच्या क्रीडासंकुलात तो आपल्याकडेही पाहावयास मिळतो. त्यावरच्या सायकलीला ब्रेक नसतो आणि फ्रीव्हीलही नसते. चाक फिरते तोवर पायडल फिरते. पाय स्थिर ठेवून विसावा घेता येत नाही. शिवाय इतके कष्ट करून स्वार कोठेच पोहोचत नाही. निघाला तेथेच परत येतो. मग हा खटाटोप कशासाठी?

आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे सहज उडवून लावण्यासारखे नाही. शंभरीपार गेलेल्यांचा गटच नव्याने करावा लागला. त्यात प्रतिस्पर्धी कोण होता? जेथे हरवायला कोणी नाही तेथे जिंकण्याला काय अर्थ? ही कीर्तीची हौसच नव्हे काय? आणि दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. म्हातारपणी पडून हाड मोडले, तर सेवा कोणी करायची? घरच्या सुनेनेच ना?

आमच्या मते दुसऱ्या आक्षेपाला उत्तर देण्याचा अधिकार त्या घरालाच आहे. जो वृद्ध आजारी पत्नीला एकटी टाकून सरावाला जातो, त्याच्या विक्रमाला आम्ही विक्रम म्हणणार नाही. परंतु पहिल्या आक्षेपाबाबत आपण तालंतांचा दाखला आठवावा. ज्याला एकच तालंत मिळाला त्याने तो भीतीपोटी जमिनीत पुरला, आणि धन्याने त्याला दोष दिला तो तालंत थोडा होता म्हणून नव्हे. शंभरीतले पाय हा फार लहान तालंत आहे. तोही पुरून ठेवू नये, एवढेच मार्शां यांच्या फेऱ्या सांगतात. आपला देह पवित्र आत्म्याचे मंदिर आहे असे संत पौल शिकवतो. मंदिर जुने झाले म्हणून त्यातली वात कोणी विझवत नाही.

तरीही हौस आणि कृतज्ञता यांतील भेद ओळखायचा कसा? त्याची कसोटी आकडा उतरतो त्या दिवशी लागते, असे आम्हांला वाटते. जानेवारी २०१७ मध्ये, १०५ वर्षांचे असताना, मार्शां पुन्हा पॅरिसजवळच्या धावमार्गावर उतरले. तासाभरात अंतर झाले २२.५४७ किलोमीटर, तीन वर्षांपूर्वीपेक्षा चार किलोमीटरांहून अधिक कमी. स्वतःचाच जुना आकडा गाठता येणार नाही हे दिसत असताना सर्वांसमक्ष सायकलवर बसणे अहंकाराला जमत नाही. २०१८ मध्ये त्यांनी स्पर्धा सोडली, आणि २०२१ साली १०९ व्या वर्षी देह ठेवला. मार्शां धार्मिक वृत्तीचे म्हणून प्रसिद्ध नव्हते. पण मिळालेले वापरावे आणि वेळ येताच परत करावे, हा पाठ त्यांच्याकडून घ्यायला आपल्याला संकोच का वाटावा?

ख्रिस्तसभेनेही सायकलीला कधी तुच्छ लेखलेले नाही. १९४९ साली पोप बारावे पायस यांनी इटलीतील गिझालोच्या पवित्र मातेला सायकलस्वारांची आश्रयदात्री म्हणून घोषित केले. त्याच इटलीतला श्रद्धाळू कॅथलिक स्वार जिनो बार्ताली याने १९३८ साली आणि नंतर थेट दहा वर्षांनी, १९४८ मध्ये, फ्रान्सची महाशर्यत जिंकली. हे विजय नोंदलेले आहेत. मधल्या युद्धकाळात फ्लॉरेन्सचे आर्चबिशप कार्डिनल दाल्ला कोस्ता यांच्या सांगण्यावरून सायकलीच्या नळीत बनावट कागदपत्रे लपवून त्याने यहुदी बांधवांचे प्राण वाचवण्यासाठी ज्या फेऱ्या केल्या, त्यांची घड्याळे कोणी लावली नव्हती. त्याबद्दल तो फारसा बोललाही नाही. २००० साली तो वारला, आणि इस्राएलच्या याद वाशेम संस्थेने त्याचा गौरव केला तो २०१३ मध्ये.

म्हणूनच आमच्या अहिल्यानगर जिल्ह्याचा विचार मनात येतो. राहाता, संगमनेर, श्रीरामपूर या परिसरात वाड्यावस्त्यांवर प्रार्थना चालवायला, मुलांना धर्मशिक्षण द्यायला सायकलवरून गेलेल्या मास्तरांचे किलोमीटर कोणत्या वहीत आहेत? तेही त्याच त्या वाटेने जात आणि त्याच अंगणात परत येत. विक्रम करणाऱ्या वृद्धाला हसू नये, आणि विक्रम न करणाऱ्याला कमी लेखू नये. आपल्या घरातील म्हातारा उद्या सायकलीची धूळ झटकू लागला, तर ‘आता कशाला?’ असे विचारण्याआधी त्याच्या चाकात हवा आहे की नाही, तेवढे पाहावे.